कॉलरला तीनच चिमटे

माझा मेहुणा घरी आला की आधी स्वयंपाकघरात जातो आणि डबे उघडून बघतो. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, होती तेव्हा तो खायला काही आहे का ते बघायचा. आता मी काही खातो का ते बघतो. तसं तो कबूल करत नाही. "चहा टाकतो," एवढंच म्हणतो.

त्या दिवशी चहा टाकायला गेला आणि तिथूनच ओरडला, "भाऊजी! हे काय केलंत तुम्ही?"

मला वाटलं गॅस चालू राहिला. धावत गेलो. तो चहाची पुडी हातात धरून उभा होता. पुडीचं तोंड उघडं राहू नये म्हणून मी तिला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावला होता. राखाडी रंगाचा.

"चिमटा आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय. पण आला कुठून?"

"तुझ्या ताईच्या स्वेटरला होता. दोन होते. हिरवा साखरेच्या पुडीला लावलाय."

त्याने साखरेची पुडी काढून पाहिली आणि मटकन खुर्चीवर बसला. "म्हणजे इतके महिने आम्ही तो दगड ओढत बसलोय, आणि इथे तुम्ही ताईला चहाच्या पुडीला लावून ठेवलंय!"

मी पेशाने लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर बंद पडलेल्या यंत्रांशी डोकं लावतो. पण या वाक्यात नेमकं काय बिघडलंय ते मला कळेना. त्याला म्हटलं, नीट सांग.

त्याने सांगितलं ते असं.

माझी बायको एका लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढायचं काम करायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी लाँड्रीच्या मागच्या खोलीत चौघं मिळून एक खेळ खेळायचे. ती, हा मेहुणा, लाँड्रीच्या मालकीणबाई आणि त्यांच्या शेजारी दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर. एवढं मला ठाऊक होतं. मी तेव्हा घरी झोपलेला असायचो. ती परत आली की विचारायचो, "कोण जिंकलं?" ती म्हणायची, "तसं नसतं हो ते." आमचं त्यावरचं बोलणं तिथेच संपायचं.

खेळ म्हणजे एक गोष्ट असते. मालकीणबाई ती सांगतात. बाकीचे त्या गोष्टीतले कोणीतरी होतात आणि आपण काय करतो ते बोलतात. काम अवघड असेल तर फासा टाकायचा. त्या फाशाला वीस बाजू असतात. फासा वाईट पडला की तुमच्या माणसाचं काहीतरी होतं. तो घाबरतो, आंधळा होतो, पडतो, त्याला विष चढतं. याला ते लोक अवस्था म्हणतात. कोणत्या अवस्थेत काय करता येतं आणि काय नाही याचे नियम असतात. कोणाची कोणती अवस्था चाललीय ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येक अवस्थेला एका रंगाचा चिमटा ठरवलेला. लाँड्रीत चिमट्यांना काय तोटा? अवस्था आली की चिमटा कॉलरला. अवस्था गेली की चिमटा पेटीत.

"आणि खेळ थांबला म्हणून अवस्था थांबत नाही," मेहुणा म्हणाला. "चिमटा लावूनच घरी जायचं आणि पुढच्या वेळी लावूनच यायचं. डॉक्टरांनी एकदा आठवडाभर 'वेडा झालेला' हा चिमटा लावून दाढा काढल्या. दोन पेशंट विचारून पळाले."

"हा नियम कोणी केला?"

"ताईने. दुसरं कोण करणार?"

तिच्या शेवटच्या खेळात तिला आधी साप चावला होता. हिरवा चिमटा. मग एका राक्षसिणीने मेहुण्याकडे बघितलं. ती बघेल त्याचा दगड होतो. बायको मध्ये आली. राखाडी चिमटा. त्यानंतरच्या सुट्टीला ती दवाखान्यात होती, आणि तिथून घरी आली नाही. याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

"तेव्हापासून आम्ही ताईचा पुतळा गाडीवर घालून फिरवतोय," मेहुणा म्हणाला. "आता एका झुलत्या पुलापाशी अडकलोय. पुतळ्यासकट गाडी पुलावर घालायचा धीर होत नाही. पुतळा सोडून पुढे जायला कोणी तयार नाही. दगडाचं माणूस करायला एक औषध लागतं, ते मिळालेलं नाही, आणि राखाडी चिमटा पेटीत पडल्याशिवाय तेही चालत नाही. आणि चिमटा कुठे आहे ते विचारायची कोणाची छाती नाही."

"विचारायचं कोणाला होतं?"

"तुम्हाला."

मी दोन्ही पुड्यांचे चिमटे काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. "घेऊन जा."

"तसं नसतं ते," तो म्हणाला. अगदी तिच्यासारखं. "चिमटा ज्याच्या घरी गेला त्यानेच परत आणायचा. आणि आणणारा खेळात पाहिजे. डॉक्टर स्वतःचे चिमटे गुपचूप पेटीत टाकायचे, म्हणून हा नियम झाला."

"हाही हिचाच?"

"हाही ताईचाच."

मेल्यावरही बायको आपलंच खरं करते म्हणतात ते असं. पुढच्या सुट्टीला मी चिमटे खिशात घालून निघालो.

लाँड्रीची मागची खोली गरम होती. एका बाजूला वाफेची इस्त्री, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक घातलेले कोट ओळीने टांगलेले. रांगेत उभी असलेली माणसंच वाटत होती, फक्त डोकी नव्हती. मधोमध इस्त्रीचं मोठं टेबल. त्यावर एक जळका डाग होता. तो त्यांच्या खेळात समुद्र असतो असं मला नंतर कळलं.

मालकीणबाई म्हणजे भरभक्कम बाई, चष्मा दोरीने गळ्यात. डॉक्टर एकदम किडकिडीत. हात इतके स्वच्छ की हस्तांदोलन करायला भीती वाटावी. एका खुर्चीवर घडी घातलेली पांढरी चादर होती. मी तिकडे वळलो तसे तिघंही एकदम म्हणाले, "तिथे नको!"

ती चादर म्हणजे पुतळा. मी कपड्यांची टोपली उलटी करून तिच्यावर बसलो.

मालकीणबाईंनी चिमट्यांची पेटी उघडली आणि मला नियम सांगितले. बरेच होते. तीन लक्षात राहिले. पहिला, वैद्याला एकाची अवस्था दुसऱ्यावर ढकलता येते, मात्र ते दोघं एकमेकांना चिकटलेले किंवा बांधलेले पाहिजेत. दुसरा, एका कॉलरला तीनच चिमटे.

"तीनच का?" मी विचारलं.

"हे डॉक्टर गोष्टीत वैद्य आहेत. एकदा यांनी आणि तुमच्या मेहुण्याने आपापल्या सगळ्या अवस्था तुमच्या मिसेसवर ढकलल्या. म्हणे ती दणकट आहे, तिला सोसेल. चिमट्यांच्या भाराने तिची कॉलर उसवली. ती उठली आणि म्हणाली, आजपासून तीन. चौथा लावायला जाल तर तो खाली पडेल, आणि खाली पडला तो संपला."

"ड्रेस नवा होता," डॉक्टर खाली बघून म्हणाले.

तो ड्रेस मला आठवला. मला तिने सांगितलं होतं की कॉलर दाराच्या कडीला अडकली.

"आता तुम्ही कोण होणार?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो."

"खेळात हो. जादूगार आहे, तिरंदाज आहे, संन्यासी आहे." त्यांनी जादूगाराचे कागद पुढे केले. दहावीच्या गाईडएवढा गठ्ठा होता.

"ज्याचं वाचायला सगळ्यात कमी आहे, ते द्या."

"गाढव," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ओळख होऊन अर्धा तास झाला नव्हता. पण त्यांना मला शिवी द्यायची नव्हती. पुतळ्याची गाडी ओढायला खरंच एक गाढव होतं आणि त्याची माहिती चार ओळींत संपत होती. ताकद भरपूर. अक्कल कमी. गाजर आवडतं. बोलत नाही.

मेहुणा टाळ्या पिटायला लागला. "भाऊजी गाढव! आमच्या आईने हे लग्नातच ओळखलं होतं!"

"गाढव बोलत नाही हे लक्षात ठेवा," मालकीणबाई म्हणाल्या. हाच तिसरा नियम. "बोललात तर दंड. ते बघा, हॉटेलचे उशीचे अभ्रे आलेत, त्यातला एक गठ्ठा घडी घालायचा. दुसऱ्यांदा बोललात तर खेळातून बाहेर. काही सांगायचं असेल तर ओरडा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा."

मी एकदा ओरडलो. इस्त्रीवाला मुलगा असता तर पळाला असता, पण सुट्टी होती.

खेळ सुरू झाला. समोर खोल दरी, खाली नदी, वर दोरांचा पूल. पुलाच्या तोंडाशी आमची गाडी. गाडीवर दगड झालेली सेनापतीणबाई, म्हणजे माझी बायको. गोष्टीत ती सेनापतीण होती. ती मोठमोठ्याने शिव्या द्यायची, लाथ मारून दारं उघडायची, असं मेहुण्याने सांगितलं. घरी तिचा टेबलाला धक्का लागला तर ती टेबलाला सॉरी म्हणायची. मला हे ऐकून जरा गंमत वाटली आणि जरा रागही आला. ती दारं उघडताना मी झोपलेला होतो.

"पुतळ्याला दोर बांधू, दोराचं दुसरं टोक गाढवाला," मेहुणा म्हणाला. गोष्टीत तो चोर होता. "गाढव पुढे, गाडी मागे, हळूहळू पूल पार."

मेहुणा गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्याला सवय लागलीय, घाबरला की उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो. आत्ताही टेबलाखाली त्याचा पाय जमिनीवर दाबला गेला होता.

मी फासा टाकला. दोन पडले.

"गाढवाने खाली बघितलं आणि ते घाबरलं," मालकीणबाई म्हणाल्या. माझ्या कॉलरला पिवळा चिमटा लागला. "घाबरलेल्याला ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ जाता येत नाही. गाढव अडलं."

तिघांनी मला खूप समजावलं. मेहुण्याने गोष्टीतलं गाजर दाखवलं. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तर मेहुण्याने खरंच माझे पाय धरले. मी दोनदा ओरडलो. नियम म्हणजे नियम.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. "भीती दिसणाऱ्या गोष्टीची. पूल दिसलाच नाही तर? गाढवाचे डोळे बांधू."

"म्हणजे आंधळा," मालकीणबाई म्हणाल्या. "पांढरा चिमटा लागेल."

"पण पिवळा निघेल ना?"

"का निघेल? भीती आहेच, फक्त चालू नाही. पिवळा राहील, नुसता."

"चालू नाही तर चिमटा कशाला?"

"डॉक्टर, तुमच्या पेशंटला इंजेक्शन दिल्यावर दाढ दुखत नाही. म्हणून दाढ नसते का?"

डॉक्टर पुस्तकात बोट घालून पुन्हा म्हणाले, "पान नंबर..." पण मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते पान तिथेच राहिलं.

त्यांच्यात असा रिवाज आहे की जी अवस्था माणसाला, ती खेळणाऱ्यालाही थोडी सोसायची. माझ्या डोक्यात हॉटेलचा अभ्रा चढवला. आत साबणाचा वास होता. बायकोच्या हातांना यायचा तोच.

"गाढव पुलावर चाललंय," मालकीणबाईंचा आवाज आला. "एक पाऊल. दोन पावलं. फासा टाका."

मला फासा दिसत नव्हता. मी टाकला तो टेबलावरून खाली गेला. मेहुणा टेबलाखाली शिरला आणि तिथूनच कण्हला. "एक!"

"गाढव अडखळलं. पडलं." तपकिरी चिमटा. मला टोपलीवरून उठवून जमिनीवर बसवलं. "गाडी कलली. पुतळा गाडीवरून घसरला. घसरला, घसरला आणि पुलाच्या कडेवरून खाली गेला."

मेहुण्याच्या ब्रेकचा आवाज तेवढा आला.

"पण दोर गाढवाला बांधलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "गाढव पुलावर आडवं पडलंय, म्हणून दोर अडकलाय. पुतळा दरीवर लोंबकळतोय. पूल करकरतोय. एवढं वजन त्याला पेलणार नाही. आता काय करता ते लवकर सांगा."

अभ्र्याच्या आत मला काहीच दिसत नव्हतं. माझ्या कामात असं खूपदा होतं. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते, आत माणूस असतो, आणि मी बाहेर अंधारात तारांपाशी उभा असतो. तेव्हा पहिलं काम हत्याराचं नसतं. बोलायचं असतं.

"मी आलोय," मी म्हणालो. "इथेच आहे. सोडत नाही."

"गाढव बोललं!" मालकीणबाई म्हणाल्या. "दंड, एक गठ्ठा. आणि दगडाला ऐकू येत नाही, पान बारा."

मला सांगायचं होतं की लिफ्टमधल्या माणसालाही धड ऐकू येत नाही, तरी बोलायचं असतं. पण दुसऱ्यांदा बोललो असतो तर बाहेर गेलो असतो आणि दोर सुटला असता. मी ओठ मिटले.

"दगडाचं माणूस केलं तर वजन हलकं होईल," मेहुणा म्हणाला. "ताई स्वतः दोर धरून वर चढेल. चिमटा आलाय आता. फक्त ते औषध शोधायला..."

"औषध आहे," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"माझ्या पिशवीत. राक्षसिणीच्या गुहेतच मिळालं होतं. मी सांगितलं नाही."

"डॉक्टर! इतके महिने आम्ही तो दगड डोंगरावर चढवला! नदीतून नेला! एकदा तर लग्नाच्या वरातीतून नेला!"

"मला माहीत आहे. मागून मी ढकलत होतो." डॉक्टरांनी खुर्ची सरकवली असावी, आवाज जवळ आला. "हे बघ. दगडाला विष बाधत नाही. पण विष जात नाही, थांबून राहतं. माणूस झाली की त्याच क्षणी साप चावल्यापासून मोजणी पुन्हा सुरू. तिच्यासाठी फासा टाकावा लागेल, दहाच्या वर हवेत. आज फासे कसे पडतायत ते बघितलंस. ती आपल्यासमोर मरेल. पुन्हा." मग ते म्हणाले, "दोर कापला तर ती नदीत पडेल. दगडच राहील. मरणार तरी नाही."

अभ्रा असल्यामुळे एक बरं होतं. माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं.

"मी कापणार नाही," मेहुणा म्हणाला. "आणि मी फासाही टाकणार नाही. माझ्यामुळे ती दगड झाली."

"मी गोष्ट सांगणारी, मला मत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "दोर कोणाला बांधलाय? गाढवाला विचारा."

मग दातांच्या डॉक्टरांनी खाली वाकून, अगदी पेशंटशी बोलतात तशा आवाजात, मला विचारलं, "दोर कापायचा का?"

मी दोनदा ओरडलो. दुसऱ्यांदा जरा जास्तच जोरात.

"मग औषध? विष चढलं तरी?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तो चिमटा पांढऱ्याखाली झाकला गेला असला तरी होताच कॉलरला. मी हात वर केला तो त्याच्यावर पडला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. तीन.

मी तीन वेळा कॉलर ठोकली आणि ओरडलो.

"कॉलर घट्ट होतेय का?" डॉक्टर म्हणाले.

मी दोनदा ओरडलो. पुन्हा तीन वेळा ठोकली.

"तीन फासे टाकायचे म्हणताय?"

दोनदा.

"यांना चहा हवा असेल," मेहुणा म्हणाला. "तीन चमचे साखर घेतात."

मी जमिनीवर बसल्या बसल्या दोर ओढल्यासारखं केलं, पोटावर हात ठेवून विष चढल्यासारखं केलं, मग कॉलर ठोकली. खोलीच्या मधोमध, डोक्यात अभ्रा घालून, या वयात. बायकोने बघितलं असतं तर हसून हसून खाली बसली असती.

"काहीतरी चावलंय त्यांना," मेहुणा म्हणाला.

"चावलंय," डॉक्टर सावकाश म्हणाले. "साप चावलाय. तिला. आणि ती दोराने बांधलीय. याला. आणि याच्या कॉलरला..." त्यांचं बोट माझ्या चिमट्यांवरून फिरलं. पिवळा, पांढरा, तपकिरी. "अरे देवा. मालकीणबाई, मी वैद्य आहे. मी औषध ओततो आणि त्याच क्षणी तिचं विष गाढवावर ढकलतो."

"गाढव मरेल की!" मेहुणा म्हणाला.

"गाढवाला जागाच नाही! तीन लागलेत! चौथा लागत नाही!"

पुस्तक उघडल्याचा आवाज आला. मालकीणबाईंनी बराच वेळ पानं उलटली. मग पुस्तक मिटलं. "पुस्तकात असं काही नाही."

"नसेल," मेहुणा म्हणाला. "हा ताईचा नियम आहे."

"मग वाद नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "ओता."

मी खिशातून दोन्ही चिमटे काढून दिले. राखाडी चिमटा पेटीत पडल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी हिरवा चिमटा माझ्या कॉलरला लावल्यासारखा केला आणि सोडला. तो माझ्या मांडीवर पडला, तिथून जमिनीवर, आणि टेबलाखाली गेला. फासा टाकायची वेळच आली नाही.

"पडला तो संपला," मालकीणबाई म्हणाल्या. "दोर हलका झाला. खालून कोणीतरी वर चढतंय. एक हात दिसला. दुसरा हात. सेनापतीणबाई पुलावर आली."

आणि मग सगळे थांबले.

मला याचीच धास्ती होती. आता ती काय बोलते ते कोणाला तरी सांगावं लागणार होतं. तिच्या आवाजाची कोणी नक्कल केली तर उठून जायचं, असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं. पण पडलेला असल्यामुळे उठता येत नव्हतं.

नक्कल कोणी केली नाही. मालकीणबाई स्वतःच्याच साध्या आवाजात म्हणाल्या, "तिने अंगावरची धूळ झटकली. ती काही बोलली नाही."

"ताई? काही बोलली नाही?" मेहुणा म्हणाला. "शक्यच नाही. आधी मला शिव्या घालेल. माझी तलवार कुठेय, गंज चढवलास ना, म्हणेल."

"मला म्हणेल, औषध मुरायला ठेवलं होतंत का?" डॉक्टर म्हणाले.

"आणि मला विचारेल," मालकीणबाई म्हणाल्या, "हा पूल कोणी लिहिला? कोटावरच्या डागांना तरी यापेक्षा बरा आकार असतो."

तिघंही हसायला लागले. मीही अभ्र्याच्या आत हसत होतो. अभ्रा तोंडात जात होता.

"मग ती गाढवापाशी आली," मालकीणबाई म्हणाल्या. "ते आडवं पडलंय. डोळे बांधलेले. दोर अजून धरून आहे. तिने खाली वाकून नीट बघितलं आणि विचारलं, हे गाढव कोणाचं?"



"तुझंच, ताई," मेहुणा म्हणाला.

मी एकदा ओरडलो.

त्यानंतर सेनापतीणबाई पूल ओलांडून पुढे गेली. पलीकडे उजाडत होतं, असं मालकीणबाईंनी सांगितलं. ती कुठे गेली ते कोणी विचारलं नाही. खुर्चीवरची चादर डॉक्टरांनी उलगडली, झटकली, पुन्हा घडी घातली आणि धुतलेल्या चादरींत ठेवून दिली. मी दंडाचे अभ्रे घडी घालत बसलो. मेहुणा माझ्याबरोबर बसला. त्याच्या घड्या वाकड्या होत होत्या.

माझे तीन चिमटे काही निघाले नाहीत. पुलावरून मला उठवायच्या आधीच खेळाची वेळ संपली, आणि खेळ थांबला म्हणून अवस्था थांबत नाही. ते लावूनच मी घरी आलो. चहाच्या पुडीला आता रबर लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक बाई होत्या, एकट्या. मी चौथ्या मजल्यावर गेलो, दार हातभर उघडलं आणि फटीतून आत वाकलो.

"मी आलोय," म्हटलं. "घाबरू नका."

त्यांनी वर बघितलं. त्यांची नजर माझ्या कॉलरवर थांबली. "अहो, ते चिमटे कसले आहेत?"

"एक घाबरलेला, एक आंधळा आणि एक पडलेला," मी म्हणालो. "पण तुम्ही काळजी करू नका. आता लिफ्ट वर घेतो."

त्यांनी एकेक चिमटा पुन्हा नीट बघितला.

"दुसरं कोणी नाही का येण्यासारखं?" त्यांनी विचारलं.